बेचाळीस रात्रींचं पुस्तक



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे वाचन-लेखन सगळंच बंद होतं. आता दिसतं आहे आणि मनात एक विषय महिनाभर घोळतो आहे. तो लिहून टाकल्याशिवाय चैन पडायचं नाही.

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला पुण्याहून सुनेचा फोन आला. एवढ्या उशिरा फोन वाजला की माझ्या वयाच्या माणसाच्या छातीत आधी धस्स होतं. "आई, घाबरू नका, सगळे बरे आहेत," तिनं आधीच सांगून टाकलं. मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही पाठवलेलं ते पुस्तक थोडे दिवस कपाटात ठेवलं तर चालेल का?"

पुस्तक म्हणजे 'श्यामची आई'. नातीला अकरावं वर्ष लागलं म्हणून मी पाठवलेलं. ती इंग्रजी शाळेत जाते, पण दर सुट्टीत इथे मेहकरला येऊन माझ्याकडून मराठी शिकते, आणि अकराव्या वर्षी हे पुस्तक द्यायचं हे मी तिच्या जन्मापासून ठरवलं होतं. आत लिहिलं होतं, 'संस्काराची शिदोरी, आजीकडून.' पोरीनं ते तीन दिवसांत वाचून काढलं. सुट्टीचे दिवस, आईबाबा कामावर, ही एकटी खोलीत. मला कौतुक वाटलं होतं.

त्यानंतर ती रात्री उठायला लागली. उठून आईच्या पलंगाशी जाऊन नुसती उभी राहायची. शाळेची दोन दिवसांची सहल होती, तिला नाही म्हणाली. खोदून खोदून विचारलं तेव्हा आईला म्हणाली, "मी सहलीला गेले आणि तू आजारी पडलीस, तर मला कळवशील ना?"

खरं सांगते, हे ऐकून मला आधी रागच आला. नातीचा नाही, सुनेचा. मी म्हटलं, "अगं, आमच्या चार पिढ्या हे पुस्तक वाचून मोठ्या झाल्या. कोणाची झोप उडाली नाही. तुम्ही पोरांना फार जपता." ती बिचारी काही बोलली नाही. फोन ठेवला आणि त्या रात्री झोप माझी उडाली. कारण 'कोणाची झोप उडाली नाही' हे वाक्य खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी कपाटातून माझी प्रत काढली. खाकी कव्हर घातलेली, पानं पिवळी पडलेली. नव्या डोळ्यांनी पुन्हा वाचली. या वेळी आजी म्हणून नाही, बाई म्हणूनही नाही. अकरा वर्षांची पोर एकटी बसून वाचते आहे अशी कल्पना करून वाचली.

मंडळी, आपण या पुस्तकाला सगळे 'हळवं', 'संस्कारक्षम', 'पवित्र' म्हणतो. पण त्यात आहे काय ते एकदा नुसतं मोजून पाहा. श्यामचा धाकटा भाऊ यशवंत लहानपणीच जातो. पोहायला जायला घाबरून माळ्यावर लपलेल्या श्यामला आई शिंपटीनं मारत बाहेर काढते. घरातून निघावं लागतं, झोपडीत राहावं लागतं. सावकाराचा माणूस दारात येऊन आईच्या समोर वाटेल ते बोलतो. घराच्या जप्तीची दवंडी पिटली जाते आणि शाळेतली पोरं श्यामच्या धाकट्या भावाला त्या दवंडीवरून चिडवतात. आई झिजत झिजत जाते. आणि श्याम धावत घरी पोचतो तेव्हा सारं संपलेलं असतं. त्याला शेवटचं भेटताही येत नाही.

नातीनं विचारलेला प्रश्न वेडेपणाचा नव्हता. तिनं पुस्तक नीट वाचलं होतं, एवढंच.

आता जे लिहायचं आहे ते अवघड आहे.

साल २००६. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली होती. मी आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवत होते. त्या वर्षी एक जुलैच्या आसपास पंतप्रधान विदर्भात येऊन गेले होते आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि आमचा बुलडाणा. कशासाठी पॅकेज, ते सांगायला नको. कर्ज, कपाशी, आणि घराघरातून उठून गेलेले कर्ते पुरुष. पेपरात रोज आकडे यायचे. आम्ही ते शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना वाचायचो आणि घंटा झाली की वर्गावर जायचो.

शनिवारी सकाळची शाळा असायची. शेवटच्या तासाला मी आठवीच्या वर्गात 'श्यामची आई' वाचून दाखवायची. दर शनिवारी एक-दोन रात्री. पुस्तकात प्रकरणांना 'रात्र' म्हटलं आहे हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच. मी वाचायची बरी. मुलं रडायची आणि मी मनातून खूष व्हायची. मुलं रडली म्हणजे पुस्तक पोचलं अशी माझी समजूत.

वर्गात एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. जवळच्या खेड्यातून एस.टी.च्या पासवर यायचा. मागच्याच वर्षी त्याचे वडील गेले होते. कसे गेले ते सगळ्या वर्गाला माहीत होतं, मलाही. बँकेचं कर्ज होतं, एका खाजगी सावकाराचंही होतं. पोरगा शांत, अक्षर सुंदर. तो शनिवारी अधूनमधून गैरहजर राहायला लागला. मी त्याला उभं करून विचारलं. तो काही बोलला नाही. तेव्हा सगळ्यांसमोर मी म्हटलं, "अरे, श्याम आईसाठी किती करत होता, ऐकतोस ना? आणि तू शाळा बुडवून तुझ्या आईला आणखी त्रास देतोस?"

हे माझे शब्द. वीस वर्षं होत आली, अजून कानात आहेत.

पुढच्या शनिवारी तो आला. त्या दिवशी नेमकी दवंडीची रात्र होती. मी रंगात येऊन वाचत होते. दवंडीवाला आला, ढोल वाजला, श्यामच्या धाकट्या भावाला पोरं चिडवायला लागली. आणि माझ्या लक्षात आलं की वर्ग माझ्याकडे बघत नाही. एक एक करून सगळी मुलं मान वळवून मागच्या बाकाकडे बघत होती. कोणी हसलं नाही, कोणी काही बोललं नाही. पोरं चांगली होती. पण सगळी त्याच्याकडे बघत होती. त्यानं डोकं बाकावर टेकवलं ते तास संपेपर्यंत उचललं नाही.

आणि मी? मी वाचत राहिले. मध्येच थांबले तर आणखी लक्ष जाईल असं मला वाटलं. की प्रकरण पुरं करायची शिक्षकाची सवय होती ती? मला आजही नीट सांगता येत नाही.

मग तो आठवडाभर आलाच नाही. मी त्याच्या गावी गेले. दोन खोल्यांचं घर, दारात शेळी, त्याची आई निंदायला जायच्या तयारीत. मला बघून तिनं पाणी दिलं आणि पदर सावरून म्हणाली, "बाई, तुम्ही पोराले असं काय वाचून दाखवलं वो? रातभर माह्या पदराची गाठ आपल्या हाताले बांधून झोपते. इचारते, आपल्या घराची दवंडी देतीन का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुमचं काय चुकलं बाई, पुस्तकातच तसं असन."

पण पुस्तकात तसं आहे हे मला माहीत होतं ना! मी ते पुस्तक तोपर्यंत दहा-बारा वेळा वाचलं होतं. मागच्या बाकावर कोण बसतं तेही माहीत होतं. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहायचं मला सुचलं नाही. 'श्यामची आई' चांगलंच पुस्तक आहे, त्यानं कोणाचं वाईट कसं होईल, ही माझी श्रद्धा. श्रद्धा असली की माणूस बघायचं सोडून देतो.

तो परत यायला लागला, पण मी शनिवारचं वाचन बंद केलं. भूगोलाच्या सरांना तास देऊन टाकला. ही माझी दुसरी चूक. ती मला त्यानंच दाखवली. एक दिवस मधल्या सुट्टीत तो खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, मंग तो श्याम मोठा झाला का?"

मी म्हटलं, "अरे, झाला की. ही सगळी गोष्ट सांगतो आहे कोण?"

त्यानं जरा विचार केला. "म्हंजे तो सोताच सांगून राह्यला?"

"हो. मोठा झाला, शिकला, आता आश्रमात आपल्या मित्रांना सांगतो आहे."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरायची नाही. हसू नव्हतं ते. ओझं खाली ठेवलेल्या माणसाचं असतं तसं काहीतरी. इतके शनिवार मी वाचत होते, आणि हे सांगणारा माणूस त्यातून तरून निघालेला आहे ही सगळ्यात मोठी गोष्ट मी वर्गाला सांगितलीच नव्हती. प्रत्येक रात्रीच्या सुरुवातीला आश्रमातले दोन-चार परिच्छेद असतात ना, प्रार्थना, गोविंदा, भिका, राम, कोण आलं, कोण बसलं. वेळ वाचवायला म्हणून ते मी गाळायची! मुलांना गोष्ट पाहिजे असते, असं म्हणून.

त्या दिवसापासून माझं मत झालं आहे की हे पुस्तक कसं वाचायचं ते त्याच्या आतच सांगून ठेवलेलं आहे. सगळी बेचाळीस प्रकरणं म्हणजे बेचाळीस रात्री. रात्रीला एकच गोष्ट. ऐकणारे एकत्र बसलेले, प्रार्थना झालेली, सांगणारा समोर. गोष्ट झाली की लोक उठून थोडं बोलतात, मग झोपायला जातात. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात चार-पाच दिवसांत यातल्या बहुतेक रात्री लिहून काढल्या. लिहिणाऱ्याच्या जिवाला जे पाच दिवसांत ओतावं लागलं ते ऐकणाऱ्यांना त्यानं बेचाळीस दिवसांवर वाटून दिलं. आणि आपण काय करतो? अकरा वर्षांच्या पोरीच्या हातात सगळं एकदम देतो, वर 'संस्काराची शिदोरी' लिहितो आणि खोलीचं दार लावून घेतो.

आमच्या लहानपणी तरी काय वेगळं होतं म्हणाल, तर थोडं वेगळं होतं. अत्र्यांचा 'श्यामची आई' १९५३ सालचा, त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. मी तो पाहिला शाळेच्या पटांगणात, पांढरा पडदा बांधून. सगळं गाव रडत होतं. बायका पदरानं डोळे पुसत होत्या, आई माझ्या शेजारी बसून रडत होती. मी रडले आणि तिच्याच मांडीवर झोपले. रडायला सोबत होती. एकटं बसून रडणं वेगळं. पुस्तक मात्र मी एकटीनं वाचलं होतं, आणि त्यानंतर कित्येक महिने आईला उलट उत्तर दिलं की मला वाटायचं, आता ही आजारी पडणार. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. विचारलंच नाही कोणी. पुस्तक वाचून मूल रडलं म्हणजे ते गुणी, एवढंच मोठ्यांना कळायचं. पोर कशाला रडतं आहे हे विचारायची पद्धतच नव्हती. म्हणून आम्ही सगळे छातीवर हात ठेवून सांगतो, 'आम्हाला काही झालं नाही.'

आणखी एक. आपण या पुस्तकाचा वापर फार केला. 'बघ श्याम कसा वागायचा' म्हणून पोरांना टोचायला. मी स्वतः केला, वर लिहिलंच आहे. पोहण्याची रात्र शिकवताना 'आईच्या माराचं तात्पर्य काय' असा प्रश्न मी बत्तीस-तेहतीस वर्षं घातला असेन. हातात छडी असायची माझ्या, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या आधीचा काळ तो. तात्पर्य ठरलेलं: आई मारते ते आपल्या भल्यासाठी. पण मारल्यावर ती आई स्वतः रडते, तिला ते वळ बघवत नाहीत, हेही त्याच रात्रीत आहे. त्यावर मी कधी प्रश्न घातला नाही. नातीनं मात्र आईला नेमकं तेच विचारलं, "मारून रडायचं होतं तर मारलं कशाला?" याला उत्तर काय द्यायचं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. पण प्रश्न माझ्या तात्पर्यापेक्षा चांगला आहे हे कळतं.

मग काय करायचं? मुलांच्या हातात हे पुस्तक द्यायचंच नाही? काही जण तसं म्हणतात. जुनं झालं, रडकं आहे, आईला देव करून ठेवलं आहे, वगैरे. मला ते पटत नाही. त्या मुलाला घाबरवलं ते याच पुस्तकानं, आणि तो तगला तोही यातल्याच एका गोष्टीच्या आधारानं. गरिबी, कर्ज, मरण हे ज्यांच्या घरात आहे त्या मुलांना त्याबद्दल बोलणारं पुस्तक नको तर कोणाला हवं? पण बोलणारं पुस्तक द्यायचं तर ऐकणारं माणूसही शेजारी बसलं पाहिजे. एवढंच माझं म्हणणं आहे. पुस्तक भेट देणं सोपं असतं, सोबत बसणं जरा महाग पडतं.

आणि हो, एक गोष्ट राहिली. श्याम मोठा झाला असं मी त्या मुलाला सांगितलं ते खरंच होतं. मोठा झाला, अमळनेरला शिक्षक झाला, तुरुंगात गेला, १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसला. पण ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं, हे मी त्या मुलाला सांगितलं नाही. ज्याचे वडील तसे गेले होते त्याला ते त्या दिवशी सांगण्याची माझी छाती झाली नाही. पुढे कधीतरी त्यानं ते कुठेतरी वाचलं असेलच. तेव्हा त्याला काय वाटलं असेल, बाईंनी आपल्याला अर्धंच सांगितलं असं वाटलं असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. तो आता तिशीच्या पुढे आहे, कर्ता माणूस आहे. बालाजीच्या देवळाकडे जाताना कधी भेटला तर गाडी थांबवून "बाई, बरं आहे ना?" विचारतो. त्या शनिवारांबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

सुनेला मी दुसऱ्या दिवशी फोन केला आणि माझं बोलणं चुकलं म्हणून सांगितलं. सासूनं हे म्हणायची आमच्याकडे फारशी रीत नाही, तीच बिचारी संकोचली. मग आम्ही दोघींनी मिळून एक ठरवलं. आता रोज रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल होतो. मी इकडे, नात तिकडे, तिची आई तिच्या शेजारी. मी एक रात्र वाचते, आश्रमातल्या परिच्छेदांसकट, काहीही न गाळता. तात्पर्य विचारत नाही. अवघड रात्र आली की दोन दिवस थांबतो, नुसत्या गप्पा मारतो. यशवंताच्या रात्रीनंतर तीन दिवस थांबलो होतो. पत्रावळ लावायचा कंटाळा करणारा श्याम तिला फार आवडला. मग मी तिला आमच्या लहानपणीच्या पळसाच्या पत्रावळींचं सांगितलं, काड्या कशा टोचायच्या ते कागदावर करून दाखवलं. ती आता सहलीला जाते म्हणाली आहे.

कर्जाच्या रात्री अजून दूर आहेत. त्या येतील तेव्हा तिला सांगावं लागेल की बाबांनी फ्लॅटसाठी काढलेलं कर्ज वेगळं आणि हे वेगळं. आणि ते सांगताना मला आमच्या तालुक्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घराबद्दलही सांगावं लागेल, नाव न घेता.

आणि शेवटी ती विचारणार, मला माहीत आहे, "आजी, हे गुरुजी पुढे कसे गेले?" या वेळी खरं सांगणार आहे. तिच्या आईला शेजारी बसवून, आणि दुसऱ्या दिवशी शाळा नसेल अशा दिवशी.

तुमच्या घरी हे पुस्तक कोणी, केव्हा, कसं वाचलं? जरूर कळवा. मला खरोखरच जाणून घ्यायचं आहे.